निम्मे मृत गोरे असतात, मग पक्षपात कुठे? अमेरिकी पोलिसांचा गोळीबार, आकडे आणि चिलखती गाड्या

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत राहता. मुलगी कॉलेजात आहे आणि तिचं म्हणणं, अमेरिकेतले पोलीस कृष्णवर्णीयांना वेचून गोळ्या घालतात. मेहुणे म्हणतात, मरणाऱ्यांत निम्मे तर गोरेच असतात, शिवाय हार्वर्डच्या एका प्राध्यापकालाही गोळीबारात भेदभाव सापडला नाही, तेव्हा हा सगळा माध्यमांचा कांगावा. टीव्हीवर रणगाड्यासारख्या गाड्या दिसतात, त्या गावच्या पोलिसांना कशाला लागतात हे तुम्हाला कळत नाही. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की धाकट्याला नुकतंच लायसन्स मिळालंय, पोलिसांनी थांबवलं तर त्याने काय करावं.

पोलिसांनी केलेल्या बळाच्या वापराच्या फायली वाचणं हे माझं रोजचं काम. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. मुलगी आणि मेहुणे दोघंही गोळी सुटते त्या एका क्षणावर भांडतायत, आणि त्या क्षणापुरतं पाहिलं तर दोघांनाही आपलंच खरं वाटेल एवढा पुरावा मिळतो. खरी माहिती त्याच्या आधीच्या पानांवर असते: फोन कुणी केला, काय सांगितलं, गाडी मुळात का थांबवली, पोलीस किती जवळ जाऊन उभा राहिला, दार ठोठावलं की फोडलं. पक्षपात आणि लष्करीकरण हे दोन्ही मुख्यतः तिथे शिरतात.

आधी आकड्यांचं. अमेरिकेत पोलीस खाती सुमारे १८,००० आहेत. शहराची वेगळी, काउंटीची वेगळी, राज्याची वेगळी, काही विद्यापीठांचीही आपापली. या सगळ्यांनी मारलेल्या माणसांची सक्तीची, विश्वासार्ह राष्ट्रीय नोंद नाही. एफबीआयच्या जुन्या पद्धतीत वर्षाला चारशे-साडेचारशे मृत्यू दिसायचे. फर्ग्युसन शहरातल्या पोलीस गोळीबारानंतर (त्याबद्दल पुढे), २०१५ पासून, वॉशिंग्टन पोस्टने बातम्या आणि कागदपत्रं गोळा करून स्वतः मोजायला सुरुवात केली, तेव्हा नुसत्या गोळीबारातले मृत्यू वर्षाला हजाराच्या घरात निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त मृत्यू सरकारी हिशेबात नव्हतेच. एफबीआयने २०१९ मध्ये नवी नोंदपद्धत सुरू केली, पण माहिती पाठवणं खात्यांच्या मर्जीवर ठेवलं. मुलीला हेही सांगा, की पोस्टच्या यादीत फक्त गोळीने मेलेले आहेत. पोलिसाच्या गुडघ्याखाली दबून मेलेला जॉर्ज फ्लॉइड त्या यादीत नाही. आणि गोळी लागून वाचलेले तर कुठल्याच मोठ्या यादीत धड सापडत नाहीत.

आता मेहुण्यांचं वाक्य. मरणाऱ्यांत साधारण निम्मे गोरे असतात हे बरोबर. पण गोरे लोकसंख्येच्या साठ टक्क्यांच्या आसपास आहेत. कृष्णवर्णीय तेरा-चौदा टक्के, आणि मृतांमध्ये त्यांचा वाटा सुमारे पाव. लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त येतो, आणि हे प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हललेलं नाही.

यावर मेहुणे म्हणतील, छेद चुकीचा घेतलात. लोकसंख्येने कशाला भागता? ज्यांची पोलिसांशी गाठ पडते त्यांच्या संख्येने भागा. आक्षेप रास्त आहे, झटकून टाकू नका. मारल्या गेलेल्यांपैकी बहुसंख्यांकडे काहीतरी हत्यार असतं, बहुतेकदा बंदूकच. देशात नागरिकांच्या हातात चाळीस कोटींच्या आसपास बंदुका आहेत, आणि २०२१ या एका वर्षात ७३ पोलीस हल्ल्यांत मारले गेले. अमेरिकी पोलिसाची भीती काल्पनिक नाही. इंग्लंडमध्ये वर्षाला मोजके लोक पोलिसांच्या गोळीने मरतात म्हणून अमेरिकेतही तसंच व्हावं, ही तुलना मुलीने करू नये. ती पहिल्याच प्रश्नाला आडवी होते.

ते हार्वर्डचे प्राध्यापक म्हणजे रोलंड फ्रायर, अर्थतज्ज्ञ, स्वतः कृष्णवर्णीय. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये आला आणि २०१९ मध्ये रीतसर छापून झाला. ह्यूस्टनच्या नोंदींमध्ये, एकदा गाठ पडल्यानंतर गोळी चालवण्यात त्यांना वर्णानुसार फरक दिसला नाही. मेहुणे तिथेच थांबतात. त्याच निबंधाचा दुसरा अर्धा भाग असा आहे की ढकलणं, भिंतीला उभं करणं, बेड्या घालणं, हत्यार रोखणं या खालच्या पायरीच्या बळात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांच्या वाट्याला ते पन्नास टक्क्यांहून जास्त येतं. परिस्थितीचे फरक वजा केले की तफावत कमी होते, पण संपत नाही.

आणि ‘गाठ पडल्यानंतर’ या दोन शब्दांत एक सापळा आहे. २०२० मध्ये नॉक्स, लोव आणि मुमोलो या तिघांनी तो नीट मांडला. समजण्यासाठी मी काल्पनिक आकडे घेतो. एका शहरात पोलिसांनी गंभीर संशयावरून १०० गोरे आणि १०० कृष्णवर्णीय थांबवले. दोन्ही गटांत ५ जणांवर बळ वापरलं. इथपर्यंत समसमान. आता याच पोलिसांनी आणखी १०० कृष्णवर्णीयांना मागचा दिवा बंद, आरशाला काहीतरी लटकवलंय असल्या किरकोळ कारणांवरून थांबवलं, ज्यासाठी गोऱ्यांना थांबवलं नसतं, आणि त्यात एकावर बळ वापरलं. नोंदवहीत काय दिसेल? गोरे: १०० पैकी ५, म्हणजे पाच टक्के. कृष्णवर्णीय: २०० पैकी ६, म्हणजे तीन टक्के. कागदावर पोलीस कृष्णवर्णीयांशी जास्त सौम्य निघाले! प्रत्यक्षात शंभर माणसं विनाकारण थांबवली गेली आणि एकाने निव्वळ त्यापायी मार खाल्ला. थांबवण्यातच पक्षपात असेल तर थांबवण्याच्या नोंदींनी भागून तो दिसत नाही, उलट पुसला जातो. म्हणून ‘पोलिसांशी गाठ पडण्याच्या प्रमाणात’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, त्या गाठींची यादी बनवली कुणी?

त्याच्या नेमका उलटा घोळही छापून आलाय. २०१९ चा एक गाजलेला निबंध कृष्णवर्णीयांविरुद्ध पक्षपात नाही असं सांगत होता. त्याने गोळी लागलेल्यांमध्ये कोणत्या वर्णाचे किती हे मोजलं, आणि निष्कर्ष मात्र गोळी लागण्याच्या शक्यतेबद्दल वाचले गेले. पुढच्या वर्षी लेखकांनी स्वतःच तो मागे घेतला. व्हॉट्सॲपवर अजून फिरतो.

मग थांबवण्यातला पक्षपात ओळखायचा कसा? दोन कसोट्या कामाच्या आहेत.

पहिली, झडतीत काय सापडलं. पोलीस एखाद्या गटाची झडती जास्त वेळा घेत असतील आणि त्या गटाकडे माल कमी वेळा सापडत असेल, तर त्यांच्याबाबत संशयाची पातळी खाली आणलेली आहे एवढाच अर्थ निघतो. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये मायकल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर केंद्रीय न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये एकाच दिवशी दोन अहवाल दिले, आणि लोक आपापल्या सोयीचा एकच वाचतात. एका अहवालाने गोळी झाडणाऱ्या पोलिसावर केंद्रीय खटला चालवण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. हात वर केले असताना गोळी घातली ही कथा पुराव्याला धरून नव्हती. दुसऱ्याने खात्याचे पितळ उघडं पाडलं. लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के, थांबवलेल्या गाड्यांत ८५ टक्के, अटकेत ९३ टक्के. त्यांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा झाली, आणि बेकायदा वस्तू २६ टक्के कमी वेळा सापडल्या. मागे कारण काय, तर पैसा. १.३३ कोटी डॉलरच्या आसपासच्या अंदाजपत्रकात तीस लाखांहून जास्त दंड-वसुलीतून येतील असं गृहीत धरलेलं होतं, आणि वसुली वाढवा म्हणून पोलीसप्रमुखावर दबाव होता. गोळीबार तपासायला गेलेल्या माणसाला पावतीपुस्तक सापडावं, हे या क्षेत्रात वारंवार होतं.

दुसरी कसोटी अंधाराची. संध्याकाळी साडेसहाला हिवाळ्यात काळोख असतो, उन्हाळ्यात लख्ख उजेड. वेळ तीच, रस्ता तोच, कामावरून परतणारी माणसं तीच. उजेडात थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा जास्त आणि अंधारात कमी असेल, तर चालकाचा चेहरा दिसण्याचा निर्णयावर परिणाम होतोय. स्टॅनफर्डच्या गटाने देशभरातल्या जवळजवळ दहा कोटी नोंदी जमवून ही कसोटी लावली. २०२० मध्ये निष्कर्ष आले. अंधार पडल्यावर कृष्णवर्णीयांचा वाटा खाली येतो. कसोटी परिपूर्ण नाही: रस्त्यावरचे दिवे, गाडीचं मॉडेल आणि कुठल्या वस्तीत गस्त जास्त हे तिच्यात नीट पकडता येत नाही. तरी घराबाहेर न पडता करता येणारी इतकी स्वच्छ तपासणी दुसरी नाही.

तुमच्या राज्याचाच दाखला देतो. न्यू जर्सी टर्नपाइकवर नव्वदच्या दशकात थांबवलेल्या गाड्यांची मोजणी न्यायालयात आली होती. महामार्गावरच्या गाड्यांत कृष्णवर्णीय असलेल्या सुमारे साडेतेरा टक्के, वेगमर्यादा मोडणाऱ्यांत पंधरा टक्के, थांबवलेल्यांत पस्तीस. १९९६ मध्ये न्यायाधीशाने पुरावा मान्य केला, राज्याने अपील केलं. एप्रिल १९९८ मध्ये त्याच रस्त्यावर दोन ट्रूपर्सनी, म्हणजे राज्य पोलिसांनी, चार तरुणांच्या व्हॅनवर अकरा गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले. मग कुठे १९९९ मध्ये राज्य पोलीस केंद्राच्या देखरेखीखाली गेले, ते दहा वर्षं राहिले. आकडे आधी आले होते, गोळ्या नंतर.

पोलिसाच्या डोक्यातल्या पूर्वग्रहावर सगळं खापर फोडणंही चूकच. पूर्वग्रह पुष्कळदा फोनवरून येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामाच्या मॅडिसन शहरात गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी फुटपाथवर फिरत होते. शेजाऱ्याने फोन करून सांगितलं की एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. काही मिनिटांत पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि मणक्याला इजा होऊन अंशतः अर्धांगवायू झाला. केंद्रीय खटल्यात दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशाने पोलिसाला निर्दोष सोडलं. दिवाणी दाव्यात २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलरची तडजोड झाली. ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्या देशी मंडळींना मी हे प्रकरण वाचायला सांगतो.

फाईल कशी वाचायची हे एका प्रकरणावर दाखवतो. क्लीव्हलंड, २२ नोव्हेंबर २०१४. बारा वर्षांचा टामिर राइस बागेत खेळण्यातलं, छर्‍यांचं पिस्तूल घेऊन होता. फोन करणाऱ्याने सांगितलं होतं की ते बहुधा खोटं आहे आणि तो बहुधा अल्पवयीन आहे. फोन घेणारीने या दोन गोष्टी पुढे दिल्या नाहीत. गाडीतल्या दोघांना कळलं ते इतकंच, की बागेत एकजण लोकांवर बंदूक रोखतोय. चालवणाऱ्याने गाडी रस्त्यावर न थांबवता गवतावरून थेट मुलाच्या पुढ्यात, काही फुटांवर नेली. शेजारी बसलेला नवशिका उतरला आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. त्या दोन सेकंदांवर वाद घाला, तो म्हणेल हात कमरेकडे गेला, मी घाबरलो. आणि ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, खटला भरला नाही. आता मागे जा. निरोप पूर्ण गेला असता तर? गाडी तीस मीटर लांब, इंजिनाच्या आडोशाला उभी राहिली असती आणि भोंग्यावरून हुकूम दिला असता तर? दोन सेकंदांचा निर्णय घ्यायची वेळ पोलिसांनीच स्वतःवर आणली. शहराने साठ लाख डॉलर दिले. फोन घेणारीला आठ दिवसांचं निलंबन झालं.

म्हणून एखादं प्रकरण गाजलं की व्हिडिओच्या आधी मी डिस्पॅचची नोंद मागतो: फोनचं मूळ ध्वनिमुद्रण आणि पोलिसाला गेलेला निरोप, शेजारी शेजारी ठेवून. मग अंतर. मग आडोसा होता का, वेळ होता का, आणि घाई नेमकी कुणाला होती. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी दाखवलं की २१ फुटांवरचा चाकूवाला दीड सेकंदात अंगावर येतो. मुद्दा होता, अंतर वाढवा. पुढे अनेक अकादम्यांत त्याचा अर्थ ‘२१ फुटांच्या आत चाकू दिसला की गोळी चालते’ असा लावला गेला. मग फायलीत दिसतं की मनोरुग्ण चाळीस फुटांवर एकटा उभा होता आणि पोलीसच चालत चालत त्या वर्तुळात गेला.

कायद्यानेही बरीच वर्षं शेवटच्याच क्षणाकडे बोट दाखवलं. १९८५ च्या टेनेसी विरुद्ध गार्नर निकालाने निव्वळ पळणाऱ्यावर गोळी झाडायला मनाई केली. १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालाने मोजपट्टी ठरवली: घटनास्थळावरच्या समंजस पोलिसाला त्या वेळी काय वाटलं असतं. नंतरच्या शहाणपणाने तोलायचं नाही. यातून काही न्यायालयांनी ‘धोक्याचा क्षण’ एवढाच संकुचित अर्थ काढला, की मागचं काही पाहायचंच नाही. मे २०२५ मध्ये बार्न्स विरुद्ध फेलिक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती पद्धत मोडीत काढली. टोल थकलेली भाड्याची गाडी पोलिसाने टेक्सासमध्ये थांबवली होती; गाडी सुटली तसा तो पायटणीवर चढला आणि आत गोळ्या झाडल्या. आता न्यायालयांनी सगळी परिस्थिती पाहायची आहे. मात्र पोलिसाने स्वतः ओढवून घेतलेला धोका त्याच्याविरुद्ध किती धरायचा, हा प्रश्न न्यायालयाने मोकळाच ठेवला. शिवाय दिवाणी दाव्यात पोलिसांना मिळणारं मर्यादित संरक्षण कायम आहे: अगदी अशाच कृत्याबद्दल आधीचा स्पष्ट निकाल नसेल तर पोलीस सुटतो.

आता चिलखती गाड्या. तीन वाटांनी येतात आणि टीव्हीवर त्या एकच वाटतात. एक, १०३३ कार्यक्रम. १९९७ च्या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यातलं हे कलम. लष्कराची जास्तीची सामग्री पोलिसांना फुकट मिळते, वाहतुकीचा आणि देखभालीचा खर्च तेवढा खात्याने करायचा. आजवर मूळ किमतीने सात अब्ज डॉलरहून जास्त सामान गेलं. त्यात खुर्च्या, ब्लँकेटं, जनरेटरही खूप आहेत, म्हणून अब्जांचा आकडा ऐकून लगेच रणगाडे डोळ्यांपुढे आणू नका. सुरुंगरोधक एमरॅप गाड्या मात्र याच वाटेने गावांत पोहोचल्या. इराकच्या रस्त्यांसाठी बनलेल्या, चौदा टनांपासून पुढे वजनाच्या, गावातला जुना पूल ज्यांच्याखाली कुरकुरतो. दुसरी वाट गृहसुरक्षा विभागाचं दहशतवादविरोधी अनुदान. बेअरकॅट नावाची गाडी खासगी कंपनी बनवते, ती बऱ्याचदा या पैशातून विकत घेतली जाते; न्यू हॅम्पशरच्या कीन या छोट्या गावाने अर्जात आपला भोपळ्यांचा उत्सव लिहिला होता! तिसरी वाट खात्याचा स्वतःचा पैसा, त्यात जप्तीतून आलेलाही.

१०३३ च्या यंत्रणेत एक बारीक गोम आहे. मिळालेली सामग्री वर्षाच्या आत वापरात आणली पाहिजे असा नियम. म्हणजे गाडी आली की तिला काम शोधावं लागतं. आणि तपासणी किती? २०१७ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षकांनी अस्तित्वातच नसलेल्या केंद्रीय पोलीस यंत्रणेच्या नावाने अर्ज केला आणि बारा लाख डॉलरच्या शंभराहून जास्त नियंत्रित वस्तू उचलून आणल्या. धोरण दर सरकारागणिक फिरतं: ओबामांनी २०१५ मध्ये संगिनी, ग्रेनेड लाँचर, पट्ट्यांवर चालणारी चिलखती वाहनं बंद केली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ते बंधन उठवलं, बायडन यांनी २०२२ मध्ये पुन्हा काही अंशी घातलं, २०२५ मध्ये ते पुन्हा उठलं.

याने गुन्हे कमी होतात का? २०१७ मध्ये होतात असं सांगणारे दोन अभ्यास आले आणि सरकारने त्यांचा दाखला दिला. २०२१ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी तेच मूळ आकडे तपासले. जुन्या नोंदी काउंटीच्या पातळीवर होत्या, कुठल्या खात्याकडे काय आलं आणि काय परत गेलं ते त्यात नीट नव्हतं. चांगली माहिती घेतल्यावर गुन्हे घटल्याचा पुरावा उरला नाही. ओबामांच्या आदेशाने ज्यांची सामग्री परत गेली, तिथे गुन्हे वाढलेही नाहीत.

माझ्या मते गाडीपेक्षा ती कुठे नेता हे महत्त्वाचं. ओलीस ठेवलेल्यांची सुटका, शाळेतला बंदूकधारी, यासाठी चिलखती गाडी असावी. जखमींना बाहेर काढायला तिच्यासारखं साधन नाही. १९९७ मध्ये नॉर्थ हॉलिवूडच्या बँक-दरोड्यात पोलिसांची पिस्तुलं दरोडेखोरांच्या चिलखतापुढे फिकी पडली होती, हे कुणी विसरू नये. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा विशेष पथक नेहमीच्या कामाला जुंपलं जातं. एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेने २०१४ मध्ये वीस खात्यांच्या आठशेहून जास्त मोहिमा पाहिल्या. ७९ टक्के मोहिमा निव्वळ झडतीचं वॉरंट बजावण्यासाठी, बहुतेक अमली पदार्थांच्या. मेरीलँडमध्ये २००८ साली पोलिसांनी चुकून एका गावच्या महापौराच्याच घरात घुसून त्यांची दोन कुत्री मारली, मग तिथे प्रत्येक स्वॉट, म्हणजे विशेष पथकाच्या, मोहिमेची नोंद सक्तीची झाली. त्या नोंदींवर मुमोलो यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पथकं कृष्णवर्णीय वस्त्यांत जास्त जातात, गुन्ह्यांचं प्रमाण जमेस धरूनही. आणि हिंसक गुन्हे किंवा पोलिसांच्या इजा त्याने घटल्याचं दिसत नाही.

गाडी नसतानाही हीच पद्धत जीव घेते. लुइव्हिलमध्ये १३ मार्च २०२० ला मध्यरात्रीनंतर ब्रिओना टेलरचं दार फोडलं गेलं तेव्हा बाहेर एमरॅप नव्हती, स्वॉटही नव्हतं; साध्या वेशातले अमली-पदार्थ पथकवाले होते. वॉरंट न ठोठावता शिरण्याचं काढलेलं, आणि त्याच्या अर्जात खोटी माहिती होती हे पुढे एका डिटेक्टिव्हने कबूल केलं. चोर आले समजून आतल्या मित्राने परवान्याच्या पिस्तुलातून एक गोळी झाडली. उत्तरादाखल ३२, आणि त्यांत टेलर गेली. अर्धवट झोपेतल्या घरमालकाकडे बंदूक असणं कायदेशीर आहे अशा देशात रात्री दार फोडायचं, ही लष्करी चाल आहे, गणवेश कुठलाही असो.

बदलतं कशाने? पूर्वग्रहांवरच्या व्याख्यानांनी फारसं नाही: न्यूयॉर्क पोलिसांवरच्या २०२० च्या मूल्यमापनात पोलिसांना विषय समजला, पण रस्त्यावरच्या वागण्यात मोजण्याजोगा फरक पडला नाही. कॅमेऱ्यांनीही वॉशिंग्टन डीसीच्या दोन हजारांहून जास्त पोलिसांवरच्या प्रयोगात बळाचा वापर घटला नाही. कॅमेरा पुरावा म्हणून अनमोल, औषध म्हणून साधारण. अंतर, आडोसा आणि वेळ शिकवणाऱ्या आयकॅट प्रशिक्षणाने मात्र लुइव्हिलमध्येच बळाचा वापर २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या इजा २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या इजा ३६ टक्क्यांनी घटल्या. शेवटचा आकडा मेहुण्यांसाठी. दुसरा उपाय गाठच कमी पाडण्याचा: फिलाडेल्फियाने २०२२ पासून आठ किरकोळ दोषांसाठी गाडी थांबवणं बंद केलं. तुमच्या नेवार्कमध्ये देखरेखीखाली नियम आणि प्रशिक्षण बदलल्यावर २०२० मध्ये पोलिसांनी वर्षभरात एकही गोळी झाडली नाही अशी बातमी झाली, आणि १ जानेवारी २०२१ ला मध्यरात्री उलटून काही मिनिटं झाली असताना त्यांच्या गोळीने एकजण गेला. एका वर्षावरून कुणीही ढोल वाजवू नये, दोन्ही बाजूंनी.

आता धाकट्याचं. मागे दिवे लुकलुकले की लगेच इंडिकेटर, वेग कमी, उजव्या बाजूला. जागा अरुंद किंवा काळोखी असेल तर धोक्याचे दिवे लावून सावकाश उजेडापर्यंत न्यायला हरकत नाही. इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला. गाडीतून उतरायचं नाही. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की कागद घेऊन त्याच्याकडे चालत जाणं हीच सभ्यता. इथे तेच अंगावर चालून येणं वाटतं, आणि नव्या देशी चालकांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच. कागद आधी शोधून ठेवायच्या नादात वाकायचंही नाही, मागून पाहणाऱ्याला सीटखाली काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड मागितलं की ते कुठे आहे सांगायचं, काढू का विचारायचं, हो ऐकल्यावर एक हात हलवायचा.

उतर म्हटलं तर उतरायचं. चालकाला उतरवण्याचा अधिकार १९७७ च्या निकालाने पोलिसांना दिलाय. झडती घेऊ का विचारलं तर शांतपणे ‘माझी संमती नाही’ म्हणता येतं. न्यू जर्सीत २००२ पासून, ठोस संशय असल्याशिवाय पोलिसाने थांबवलेल्या गाडीसाठी संमती मागणंही बसत नाही. तरीही त्याने झडती घेतलीच तर आडवं यायचं नाही. ते भांडण न्यायालयात जिंकता येतं, रस्त्याकडेला नाही. मित्रमंडळींना मागच्या सीटवर हात दिसतील असे ठेवायला आणि फोन हळू काढायला सांगा. रेकॉर्डिंग करता येतं, फोन पोलिसाच्या तोंडाजवळ नेऊ नये.

यातलं सगळं केलं तरी हमी नाही, हे मुलापासून लपवू नका. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिलने आपल्याकडे परवान्याची बंदूक आहे हे आपणहून, ‘सर’ म्हणत सांगितलं होतं. काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या आणि पोलीस पुढे निर्दोष सुटला. तुमच्या मुलाचा धोका अंकांत फार कमी आहे. कृष्णवर्णीय मित्राचा त्याहून जास्त आहे, आणि दोघं एकाच गाडीत असतील तर कोण कुठल्या सीटवर आहे हे पोलीस आधी बघणार नाही.

वागणूक वाईट मिळाली तर वेळ, रस्ता, गाडीचा नंबर आणि बॅज नंबर लगेच लिहून ठेवायला सांगा. न्यू जर्सीतल्या प्रत्येक खात्याला तक्रार घ्यावीच लागते, निनावी असली तरी, आणि ती कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येते. बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण किमान १८० दिवस ठेवण्याचा राज्याचा नियम आहे, पुढे ते पुसलं जाऊ शकतं. तेव्हा ज्याचं चित्रण झालंय त्याने, किंवा मुलगा अल्पवयीन असेल तर तुम्ही, त्या मुदतीत लेखी विनंती द्या. ती दिली की ते तीन वर्षं ठेवावं लागतं. विनंतीची पोच घ्यायला विसरू नका.